सर्फ गिटारची सहावी तार पुन्हा पुन्हा सटकते, बार हलवला की सूर जातो: शेवटी सापडलेलं कारण

दोष असा. फेंडर कंपनीच्या जॅझमास्टर या इलेक्ट्रिक गिटारच्या घाटाची जुनी गिटार. सूर लावून हळू वाजवली तर काही तक्रार नाही. सर्फ या वेगवान गिटारसंगीताला लागतो तसा हात जोरात चालवला, की सहावी तार ब्रिजवरच्या (गिटारच्या अंगावर तारा टेकतात तो भाग) आपल्या खाचेतून उडते आणि शेजारच्या खाचेत जाऊन बसते. बार, म्हणजे सूर वरखाली करायचा दांडा, हलवला की सूर परत जागेवर येत नाही. दुरुस्त केलं की तीन-चार आठवडे बरं चालतं, मग पुन्हा तेच रडगाणं. माझ्याकडे मार्च ते ऑगस्टमध्ये हे चार वेळा झालं. कारणं दोन निघाली, आणि दुसरं पहिल्याच्या मागे लपलेलं होतं. घाईत असाल तर एवढंच वाचा: खुंट्या बदलू नका. मी बदलल्या, पैसे गेले, तार उडायची ती उडतच राहिली.

गिटार कुठून आली

बाणेरच्या एका गृहस्थांनी अमेरिकेतून परतताना आणली होती. चार वर्षं कपाटावर पडून होती. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नाही. याच घाटाची कुठलीही गिटार घेतली असती तरी मी इथेच येऊन पोचलो असतो. २२ हजार म्हणाले, १९ हजारांवर आले. ३ हजार कमी केले ते एका पिकअपपायी, म्हणजे तारांचा आवाज पकडणाऱ्या तुकड्यापायी. "आवाज एकदम दबका येतो बघा, बहुतेक एक पिकअप गेलाय," असं ते स्वतःहूनच म्हणाले. घरी येऊन नीट बघितलं तर पिकअप धडधाकट. या गिटारांना वरच्या शिंगाजवळ एक छोटा सरकता स्विच असतो. तो वर सरकवलेला असला की फक्त नेककडचा, म्हणजे गिटारच्या मानेकडचा, पिकअप चालू राहतो, तोही मुद्दाम मंद केलेल्या वेगळ्या सर्किटमधून. खालची बटणं आणि मुख्य टॉगल मग कितीही फिरवा, ढिम्म फरक पडत नाही. जुनी जॅझमास्टर किंवा तिची बहीण जॅग्वार बघायला गेलात तर पहिल्यांदा हा स्विच खाली करा. मी त्या गृहस्थांना फोन करून सांगितलं. हसले आणि म्हणाले, "राहू द्या हो, चार वर्षं मलाच कळलं नाही."

निघताना त्यांनी आणखी एक वाक्य टाकलं होतं, ते मी तेव्हा कानाआड केलं. "तार सटकते अधूनमधून, फार जोरात वाजवू नका." सर्फ वाजवणाऱ्याला हे सांगणं म्हणजे ढोलपथकातल्या पोराला टिपरू हळू मार म्हणण्यासारखं.

सोबत अ‍ॅम्पही देत होते, स्वस्तात. मागची पाटी वाचली: १२० व्होल्ट. आपल्याकडे २३०. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर न लावता तो भिंतीत खुपसला असता तर पहिल्याच सेकंदाला धूर. ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण जड असतो आणि जागा खातो. मी नको म्हणालो. परदेशातून परतलेल्यांचं सामान पुण्यात बरंच विकायला येतं, तेव्हा पाटी वाचायची सवय लावून घ्या.

सर्फ म्हणजे काय, थोडक्यात

१९६०च्या आसपास दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांनी काढलेलं, बहुतेक गाण्याविना गिटारवरच चालणारं संगीत. स्प्रिंगच्या रिव्हर्बमध्ये (घुमाऱ्यात) चिंब भिजलेला आवाज, आणि सतारीच्या झाल्यासारखा एकाच तारेवर सपासप चालणारा हात. डिक डेल हा त्यातला मोठा माणूस. त्याचे वडील लेबनीज वंशाचे. त्याने १९६२ मध्ये पूर्व भूमध्य समुद्राकाठची एक जुनी धून, मिसिरलू, विजेच्या वेगाने वाजवली आणि ती सर्फची ओळखच होऊन बसली. माझी आत्या सदाशिव पेठेत राहते, गाणं शिकवते. मी ही धून तिच्यासमोर घासत होतो तेव्हा स्वयंपाकघरातून आवाज आला, "अरे, भैरव काय असा पिसाटल्यासारखा वाजवतोयस?" कोमल रिषभ, कोमल धैवत, बाकी शुद्ध. तिचं बरोबर होतं. पुण्यात समुद्र नाही, आमची चौपाटी खडकवासल्याची आणि सारसबागेची. पण भैरव मात्र घरोघरी आहे.

असो. यातला कामाचा मुद्दा असा की हे लोक जाड तारा लावायचे आणि हात दणकून चालवायचे. पुढचं सगळं यावरच उभं आहे.

तार सटकते का

फेंडरने जॅझमास्टर १९५८ मध्ये काढली ती जॅझ वाजवणाऱ्यांसाठी. त्यांनी तिला फारसं विचारलं नाही, सर्फवाल्यांनी उचलली. १९६२ मध्ये जॅग्वार आली, तिचा ब्रिज आणि ट्रेमोलो (बार आणि त्याची स्प्रिंगची यंत्रणा) याच पद्धतीचा. त्या काळी अशा गिटारवर जाड तारांचे सेट लागत, बाराचा वगैरे, आणि त्यात तिसरी तारसुद्धा गुंडाळलेली असे. बारा म्हणजे पहिली तार ०.०१२ इंच, ०.३ मिलिमीटर. आज दुकानात गिटार टांगलेली असते ती बहुधा नाइनच्या सेटवर. बोटांना हलकी लागते आणि गिऱ्हाईक खूश होतं.

स्ट्रॅटोकास्टरमध्ये तार ब्रिजवरून लगेच खाली लाकडात शिरते, म्हणून ब्रिजवर दाबून बसते. जॅझमास्टरमध्ये तसं नाही. तार ब्रिज ओलांडून बरीच मागे, ट्रेमोलोच्या पत्र्यात जाऊन अडकते. मधे तिला वाक जवळजवळ नसतोच. वाक नाही म्हणजे खाली दाब नाही. त्यात सॅडल, म्हणजे ब्रिजवर प्रत्येक तारेखाली असतं ते, खाच पाडलेला तुकडा नव्हे, तर पूर्ण अंगावर बारीक आटे पाडलेली नळी. प्रत्येक आटा ही एक उथळ खाच. पातळ तार, कमी ताण, कमी दाब, उथळ खाच, वरून दणका. तार उडणार नाही तर काय करणार?

माझ्या गिटारवर आणखी एक भर होती. आधीच्या मालकांनी अ‍ॅक्शन (तारांची फ्रेटपासूनची, म्हणजे पडद्यांपासूनची उंची) कमी हवी म्हणून ब्रिज पार तळाला बसवला होता. ब्रिज खाली म्हणजे वाक आणखी कमी. नाइनच्या तारा तर होत्याच.

मी काय काय करून बसलो

मार्चमध्ये नाइन काढून टेन लावल्या. तीन आठवडे सुख. एप्रिलअखेर तार पुन्हा उडायला लागली, बार हलवल्यावर सूरही जायला लागला. एका दुकानात नेली. काउंटरवरच्या मुलाने खुंट्या हलवून बघितल्या आणि म्हणाला, "मशीन हेड ढिले आहेत सर, बदलून टाका." बदलले. नवे चकचकीत दिसायचे. सूर तसाच जायचा. खुंटीमुळे सूर उतरतो हे क्वचित होतं, पण गिटार दुरुस्तीत खुंटीवर आळ घेणं सगळ्यात सोपं असतं, कारण ती दिसते आणि बदलता येते.

जूनमध्ये ब्रिजचा वाक वाढवला (कसा ते खाली), इलेव्हनचा सेट लावला. गिटार बदललीच. चार आठवडे एकदाही तार हलली नाही. जुलैत पाऊस लागून धरला आणि सहाव्या तारेवर खरखर सुरू झाली. आत्या म्हणाली, "छान जवारी लागली आहे की!" तंबोऱ्याला जी जवारी जपून लावतात तीच इथे नकोशी. मी सगळं खापर पावसावर फोडलं. नेक मोजली तर थोडी सरकली होतीच, ट्रस रॉड (नेकच्या आतला धातूचा दांडा) फिरवून सरळ केली, खरखर कमी झाली, तारही बसली. ऑगस्टमध्ये ती पुन्हा उडाली.

तेव्हा भिंग घेऊन बसलो. प्रत्येक सॅडलला दोन बाजूंना दोन बिनडोक्याचे बारीक स्क्रू असतात, त्यांच्यावर सॅडल उभं असतं. सहाव्या सॅडलचा बाहेरचा स्क्रू आतल्यापेक्षा जवळपास अर्धा मिलिमीटर खाली गेला होता. म्हणजे सॅडल बाहेरच्या अंगाला तिरकं. उतारावर ठेवलेली तार उतारानेच जाणार. हे स्क्रू त्यांच्या आट्यांत सैल असतात आणि तार जोरात थरथरली की आपोआप फिरून खाली बसतात. सहाव्या तारेवर सगळ्यात जास्त मार, म्हणून तिथे सगळ्यात आधी. दर वेळी मी तारा बदलताना किंवा उंची लावताना स्क्रू नकळत पुन्हा सारखे करायचो, तीन-चार आठवड्यांत ते परत बसायचे. जुलैतली खरखरही मुख्यतः याचीच होती, पावसाची थोडी. पहिलं कारण कमी दाब, ते जूनमध्ये गेलं. हे दुसरं.

उपाय कवडीमोल आहे: नेलपॉलिश. सॅडलची उंची लावून झाली की प्रत्येक स्क्रूच्या आट्यावर एक ठिपका. वाळला की स्क्रू थरथरून फिरत नाही, आणि पुढे उंची बदलायची झाली तर किल्लीने सहज सुटतो. मेकॅनिक लोक वापरतात ते निळं थ्रेडलॉकरही चालतं, लाल मात्र नको, ते सुटत नाही. ब्रिजच्या दोन पायांतल्या स्क्रूंनाही तसाच ठिपका द्या, तेही बसतात.

तुमच्या गिटारमध्ये नेमकं कुठे अडतंय

आधी तपासा, मग पान्ह्याला हात लावा. तारा जुन्या, काळ्या पडलेल्या असतील तर तपासणी खोटी ठरेल. नव्या लावा, हाताने ताणून ताणून सूर स्थिर करा, मग पुढचं.

सगळ्या तारा लावून बार एकदा बऱ्यापैकी खाली दाबा आणि सोडा. ट्यूनर बघा. एखाद-दोनच तारा चढलेल्या दिसल्या, तर त्या नटमध्ये, म्हणजे खुंट्यांजवळच्या खाचा पाडलेल्या पट्टीत, अडकतात. बार दाबला की तार सैल पडते, खुंटीकडचा भाग तिला थोडी आपल्याकडे ओढून घेतो. परत येताना नटच्या खाचेत ती अडकली तर तेवढी तार परत मिळत नाही, म्हणून सूर चढा राहतो. ती तार बोटाने जराशी ओढली आणि टिंग असा बारीक आवाज होऊन सूर खाली आला, तर शंकाच नको.

सगळ्याच तारा एका दिशेने सरकलेल्या असतील तर ब्रिजकडे बघा. या घाटाचा ब्रिज दोन नळकांड्यांत टोकदार पायांवर उभा असतो आणि बारसोबत पुढे-मागे झुलतो. हा दोष नाही, तशीच योजना आहे. तार सॅडलवर घासू नये म्हणून ब्रिजच तिच्याबरोबर जातो. पण तो झुलून परत सरळ उभा राहायला हवा. वाकलेला दिसला तर हाताने सरळ करा. सूर परत आला, तर दोषी सापडला. बहुधा पायांच्या आजूबाजूला गंज किंवा कचरा असतो, किंवा दोन पाय कमीजास्त उंचीचे असतात.

बारला हातही न लावता नुसत्या जोरात वाजवण्याने बिघडत असेल तर तार खाच बदलते आहे. सहाव्या तारेचं फ्रेटबोर्डच्या कडेपासूनचं अंतर वाजवण्याआधी आणि नंतर बघा. भिंगाने सॅडल समोरून बघा, ते सपाट आहे की तिरकं ते.

या तिन्हींत काहीच सापडलं नाही तरच खुंट्यांकडे वळा. तेव्हाही आधी त्यांचे स्क्रू आवळा.

दुरुस्ती, आणि तिचा क्रम

क्रम महत्त्वाचा आहे. एक गोष्ट बदलली की पुढची हलते, उलट गेलात तर तेच काम दोनदा करावं लागतं. आत्याकडे तंबोऱ्याच्या तारांची जाडी बदलली की जवारी नव्याने जुळवून घ्यावी लागते, तो कारागीर कधी मधूनच सुरुवात करत नाही. तसंच.

पहिल्यांदा तारा ठरवा. जॅझमास्टरची तार २५.५ इंचांची, जॅग्वारची २४ इंचांची. आखूड तारेला ताण कमी, म्हणून जॅग्वारवर आणखी एक पायरी जाड घ्यायला हरकत नाही. मी जॅझमास्टरला इलेव्हन लावल्या. शुद्ध सर्फवाले बाराच्या फ्लॅटवाउंड लावतात, म्हणजे ज्यांचं गुंडाळलेलं अंग सपाट असतं त्या. आवाज टपटपीत येतो, बोटं घसरतात, पण पुण्यात बहुधा मागवाव्या लागतात आणि महाग पडतात. सवय नसेल तर थेट बारावर उडी मारू नका. बोटं पंधरा दिवस बोंबलतात.

मग नेक मागे कलवा. चार स्क्रू काढले की नेक सुटते. खोबणीत ब्रिजकडच्या टोकाला एक पातळ पट्टी ठेवायची आणि नेक परत बसवायची. डोकं किंचित मागे झुकतं, तारा फ्रेटच्या जवळ येतात, मग ब्रिज वर चढवावा लागतो. ब्रिज वर म्हणजे तारेला वाक जास्त, दाब जास्त. सगळी किमया एवढीच. पट्टी कशाची? जुन्या एटीएम कार्डाची जाडी ०.७६ मिलिमीटर असते, माझं काम त्याच्या पट्टीने झालं. त्याआधी लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याने केलं होतं, तेही चाललं, पण पुठ्ठा दबतो. पट्टी खोबणीच्या रुंदीइतकी कापा. स्क्रू आवळताना एकदम एकच आवळू नका, कोपरा-कोपरा करत आवळा. लाकडाला भोक मोठं झालेलं असेल तर तिथेच थांबून सुताराकडे जा.

नेक बसली की तारा चढवून सुरात आणा आणि नेकचा बाक मोजा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), शेवटच्या फ्रेटवर बोट, आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेटमधली फट. ०.२ ते ०.२५ मिलिमीटर ठेवा. मोजायला फीलर गेज लागतं. नाना पेठेत गाड्यांच्या स्पेअरच्या दुकानात मिळतं, प्लगचा गॅप बघतात तेच. फट जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, त्याहून जास्त नको, आणि एक रात्र थांबा. काही गिटारांत ट्रस रॉडचा नट नेकच्या खालच्या टोकाला असतो, तेव्हा पुन्हा नेक सोडवावी लागते. कंटाळवाणं आहे, पण इलाज नाही.

पावसाळ्याचं सांगून ठेवतो. एप्रिलची कोरडी हवा आणि जुलैची ओली हवा यांत लाकूड फुगतं, आकसतं. पण नेक कुठल्या दिशेला सरकेल याचा नियम नाही, प्रत्येक नेक आपल्या मनाने वागते. माझी ०.२५ वरून ०.४ वर गेली होती. म्हणून पाऊस लागला की अंदाजाने फिरवू नका, गेज घालून मोजा, आणि गिटार बाहेरच्या भिंतीवर टांगू नका.

नट. इलेव्हन किंवा बाराची तार नाइनसाठी कापलेल्या खाचेत बसत नाही, अडकते. नटच्या कानशी महाग असतात. जुन्या तारेच्या तुकड्याला बारीक पॉलिश पेपर गुंडाळून खाच रुंद करता येते. रुंदच करायची, खोल नाही. खोल गेली तर मोकळी तार पहिल्या फ्रेटवर खरखरेल आणि नट बदलावा लागेल. शेवटी खाचेत सहा-बी पेन्सिलचं शिसं घासा. अप्पा बळवंत चौकात पुस्तकं घ्यायला जाल तेव्हा एक घेऊन ठेवा, वर्षभर पुरते.

ब्रिज. दोन्ही पाय सारखे उंच, ब्रिज सरळ उभा. सॅडल नेकच्या गोलाईप्रमाणे लावा, प्रत्येक सॅडल सपाट. इथे किल्ली नीट निवडा: अमेरिकन बनावटीच्या गिटारांत हे स्क्रू ०.०५ इंचाचे, म्हणजे १.२७ मिलिमीटर, आशियात बनलेल्यांत बहुधा १.५. चुकीच्या किल्लीने जोर केलात तर आतली खोबण गोल होते आणि स्क्रू तिथेच मरतो. बोहरी आळीत दोन्ही मापांच्या सुट्या अ‍ॅलन की मिळतात, पन्नास तुकड्यांचा सेट घेऊ नका. मग नेलपॉलिश. मी आमच्या घरचं वापरलं, लाल. सॅडलवर बारा लाल ठिपके दिसतात, कुणी विचारलं तर कुंकू लावलंय म्हणतो.

हे सगळं करूनही कुणाची तार उडतच असेल तर फेंडरच्याच मस्टँग गिटारच्या घाटाचे सॅडल लावा. त्यांना एकच खोल खाच असते, ब्रिज तोच राहतो. ब्रिज आणि पत्र्याच्या मधे तार खाली दाबणारी एक पट्टीही मिळते. वाक वाढतो खरा, पण तारेला घासायला आणखी एक जागा तयार होते, आणि ब्रिजचं झुलणं बिघडतं. मला ती पटत नाही. तसंच काही लोक ब्रिजच्या पायांना टेप गुंडाळून तो घट्ट करतात. एक तर पूर्ण घट्ट करा आणि सॅडल गुळगुळीत ठेवा, नाहीतर पूर्ण मोकळा झुलू द्या. अर्धवट घट्ट सगळ्यात वाईट, कारण तो झुलतो पण परत येत नाही.

ट्रेमोलो. जाड तारांनी पत्रा ओढला जातो, म्हणून मधला स्क्रू घड्याळाच्या दिशेने फिरवून स्प्रिंग आवळावी लागते. चांगल्या गिटारांना पत्र्यावर कुलपाचं एक सरकतं बटण असतं. तारा सुरात असताना ते सूर न हलवता अलगद सरकलं पाहिजे, तोवर स्क्रू फिरवायचा आणि दर वेळी पुन्हा सूर लावायचा. हे जमलं की वाजवताना एक तार तुटली तरी कुलूप लावून बाकीच्या पाच सुरात राहतात. स्वस्त गिटारांत बहुधा बटण नसतंच. तिथे बार हलकेच वर ओढला की साधारण अर्धा सूर चढेल इतकी मोकळीक ठेवा. बार त्याच्या भोकात लटपटत असेल तर नळाची टेफ्लॉन टेप एक वेढा.

शेवटी बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसतं टेकवून निघणारा सूर) आणि दाबलेला सूर जुळवा. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर पुढे. तिसरी तार गुंडाळलेली घेतली असेल तर तिचं सॅडल आधीच्या जागी राहणार नाही, दचकू नका.

घ्यायच्या आधी एवढं बघा

बार सोबत आहे का. नंतर वेगळा घ्यायला गेलात तर मापं जुळवताना दम निघतो. नेक खुंट्यांच्या बाजूने एका डोळ्याने बघा, पीळ पडलेला असेल तर नमस्कार करून निघा. बाक दुरुस्त होतो, पीळ होत नाही. सॅडलचे स्क्रू किल्लीने फिरतात का ते जागेवरच बघा, गंजलेले असतील तर नव्या ब्रिजचे पैसे धरूनच भाव करा. ब्रिज तळाला बसलेला असणं मात्र वाईट लक्षण नाही, उलट तिथे भाव पाडता येतो.

अ‍ॅम्पला लावून ऐकाच. सिंगल कॉइल पिकअप गुणगुणणारच. टॉगल मधे ठेवला, म्हणजे दोन्ही पिकअप चालू, की बहुतेक जॅझमास्टरमध्ये ती गुणगुण जवळजवळ जाते. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर ठीक. वाढली तर आत अर्थची वायर सुटली असेल, नाहीतर घराचंच अर्थिंग नसेल. जुन्या वाड्यांतल्या खोल्यांत तिसरं भोक नुसतं शोभेचं असतं. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास पॉकेटमध्ये मावतील असे सॉकेट टेस्टर मिळतात, एक ठेवा. आणि अ‍ॅम्पच्या प्लगची तिसरी पिन कापून दोन पिनी करण्याचा शहाणपणा कुणी सुचवला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

रिव्हर्बसाठी स्प्रिंगवाला अ‍ॅम्प मिळाला तर उत्तमच. नाही मिळाला तर पेडल. पण आधी गिटार.

आता डिसेंबर आहे. ऑगस्टनंतर तार एकदाही उडालेली नाही, सॅडलचे ठिपके शाबूत आहेत. ब्रिजच्या मागे तारांचा जो मोकळा तुकडा राहतो तो तरफेच्या तारांसारखा आपल्या मनाने झणझणतो, तेवढं एक शिल्लक आहे. त्यात फेल्टचा तुकडा अडकवला की बंद होतं असं सगळे सांगतात. फेल्ट आणून ठेवलाय. आत्याला तो झणझणाट आवडतो, म्हणून अजून लावला नाही.